शेवटच्या चेंडूचा फोटो

अजिनाथला आबांचा दोन्ही हात वर केलेला फोटो हवा होता. फ्लेक्स छापायला टाकायचा होता. तिसगावच्या टेनिस बॉल स्पर्धेला पुढच्या वर्षीपासून आबासाहेबांचं नाव द्यायचं, असं गावानं ठरवलं होतं. सुकन्याने लॅपटॉप उघडला. आबा, तिचे वडील, गेल्यापासून तिने कॅमेऱ्यातलं कार्ड बाहेर काढलंच नव्हतं.

ती गोष्ट आता गावात सगळ्यांना पाठ होती. समोर खर्ड्याची टीम, शेवटचा चेंडू, जिंकायला सहा धावा. अजिनाथने डोळे मिटून बॅट फिरवली. हे तो स्वतःच हसत सांगायचा. चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून धुळीच्या लोटात गेला. टप्पा सीमेच्या आत पडला की बाहेर, कुणालाच दिसलं नाही. पण ती बाजू आबांची होती. तिकडे सावली नाही, म्हणून दुसरं कुणी थांबायचं नाही. आबा मात्र डोक्याला टॉवेल गुंडाळून खुर्ची टाकून बसायचे. चौकार गेला की एक हात वर, षटकार गेला की दोन. पंचाने वळून पाहिलं. आबांचे दोन्ही हात वर होते. मग पंचानेही हात वर केले. पोरं नाचत मैदानात घुसली. गुलाल लावायला आबांकडे पोचली, तेव्हा आबा खुर्चीशेजारी पडलेले होते. खर्ड्याच्या कप्तानाने त्या षटकारावर मग हरकतीचा शब्द काढला नाही.

आनंदाने छाती भरून आली आणि माणूस गेला, काही कळायच्या आत, असं गाव म्हणालं. सुकन्याची आई, भागूबाई, तेवढ्या एका वाक्याच्या आधाराने दिवस काढत होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तेच सांगायची. त्रास झाला न्हाई. सिक्स देऊन गेले.

त्या दिवशी फोटो सुकन्याच काढत होती. लेन्स स्वस्तातली, नगरमधून सेकंडहँड घेतलेली. उजेड कमी झाला की ती हात टेकायची, पण भर उन्हात तिचं बरं चालायचं. सकाळपासून सुकन्या अ‍ॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं उघडंच ठेवत होती. त्यामुळे मागचे टँकर, मोटरसायकली, माणसं विरघळून जात आणि खेळाडू तेवढा उठून दिसे. जेवणाच्या सुट्टीत आबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिले होते.

“तुझ्या फोटूत खेळनारा तेवढा देव,” ते म्हणाले होते. “बाकी आमी सगळी धूळ.”

म्हणून शेवटच्या षटकाला तिने जागा बदलली. यष्टिरक्षकाच्या मागे, जरा तिरकी बसली. तिथून फलंदाज, धावत येणारा गोलंदाज आणि पार मागे सीमेवरचे आबा एकाच चौकटीत येत होते. अ‍ॅपर्चर बारीक करून आठवर आणलं, म्हणजे मागचा माणूसही ओळखू यावा. त्यामुळे उजेड कमी पडला, म्हणून आयएसओ वाढवला. शटरचा वेग मात्र सोळाशेच्या खाली येऊ दिला नाही. फिरती बॅट आणि चेंडू हवेत जागच्या जागी थांबायला हवे होते. ही लेन्स ऐन वेळी फोकस शोधत बसायची, म्हणून तो आधीच फलंदाजावर लावून ठेवला. कॅमेराही मंद. ऐन क्षणी बटण दाबावं तर क्षण निघून जायचा. म्हणून गोलंदाज धावायला लागला की ती बोट दाबायची आणि दाबूनच ठेवायची, फोटो एकामागून एक निघत राहायचे. डोळा फक्त बॅटवर.

हवा तो फोटो सापडला. बॅट खांद्यावरून पार फिरलेली, चेंडू उंच, आणि अजिनाथच्या कोपराच्या वर, दूर, टॉवेल बांधलेले आबा. दोन्ही हात वर. अजिनाथने नकळत हात जोडले.

“ताई, हाच द्या,” तो म्हणाला. “मी वाकडा दिसतोय, पर चालंल. मला कापून टाका.”

आई पदराला हात पुसत येऊन बसली. पडद्यावरचं तिला नीट दिसत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं.

“हसत हुते का गं?”

सुकन्याने आबांचा चेहरा मोठा केला. चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. आठवर ठेवूनही लेन्सने इतक्या लांबचं तेवढंच दिलं होतं. थांब, आधीच्या एखाद्या फोटोत स्पष्ट असेल, असं आईला सांगून तिने एक फोटो मागे नेला.

बॅटला चेंडू लागत होता. आबांचे हात वर होते.

तिला वाटलं, फोटोंचा क्रम चुकला असेल. तिने आणखी एक मागे नेला. बॅट अजून वरच होती. चेंडू खेळपट्टीच्या मध्यावर हवेत थांबला होता. त्याच्या मागे आबा, हात तसेच. एक गुडघा वाकलेला.

अजिनाथ फ्लेक्सच्या रंगाबद्दल काही सांगत होता, तो मधेच पडद्याकडे वाकला.

“दिसलं का हसू?” आईने विचारलं.

सुकन्याचं बोट थांबेना. ती मागे मागे जात राहिली, थेट त्या चेंडूच्या पहिल्या फोटोपर्यंत. गोलंदाजाने नुकतं पहिलं पाऊल टाकलं होतं. आबांचे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दिशेने वर होते, आणि चेंडू अजून गोलंदाजाच्या मुठीत होता.