व्हायरस शिरलाय

"सुनीती, फोनमध्ये परत व्हायरस शिरलाय गं," असं सांगून रत्नाकरराव झोपाळ्यावर ऐसपैस बसले. आता बंगळुरूची लेक तासभर तरी बोलणार होती.

"बाबा, नको त्या जाहिराती दाबता तुम्ही! सेटिंग उघडा. काय दिसतंय?"

"थांब, चष्मा शोधतो." चष्मा नाकावरच होता. तिकडच्या कुकरची शिट्टी ते मन लावून ऐकत राहिले.

शेवटी वैतागून तिने त्यांच्याकडून अँटिव्हायरसच टाकून घेतला. "मिटली कटकट!"

खरंच मिटली. फोन ठणठणीत झाला, नि तिला फोन करायला निमित्तच उरलं नाही.

पंधरवड्याने तिचाच फोन आला. "बाबा, तो अँटिव्हायरस काढून टाका. मोबाईलला त्याची गरज नसते म्हणे."

"का गं? चांगला चाललाय की."

"तुमचा फोन येईनासा झालाय."