हात हुंगणारा माणूस

थेंब पसरला नाही. नळ्यांबरोबर पेटीत ठेवलेल्या नमुन्याच्या पट्टीवर तो टपोरा, गोल उभाच राहिला, आणि क्वाक दाल-सूने पट्टी उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिली. थर नीट चढला असता तर पाणी पडताक्षणी सपाट पसरलं असतं. म्हणजे पेटीतल्या छत्तीसच्या छत्तीस नळ्या वाया गेल्या होत्या.

त्या नळ्या माणसांच्या छातीत जायच्या होत्या. वोन्जू शहरातल्या त्या कारखान्यात बंद पेटीतल्या वायूला वीज देत. आत जांभळा उजेड पेटे आणि नळीवर डोळ्यांना दिसू नये इतका पातळ थर चढे. रक्ताला मात्र तो कळे. थर असला की शरीर नळीला आपली म्हणे. नसला की परकी समजून गुठळ्या धरी. हा थर बिघडवायला हाताच्या क्रीमचा पुसटसा अंशही पुरे होता, आणि साबणाने तो जात नसे.

म्हणून दाल-सू रोज सकाळी दारात उभा राहून एकेकाचे हात हुंगायचा. एकवीस वर्षं. माघारी कामावरच्या बायका त्याला कुत्रा म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. घरीही तीच तऱ्हा. थंडीत ग्वी-दोकचे, त्याच्या बायकोचे, हात भेगाळायचे. ती ईडलिंबाच्या वासाचं क्रीम चोपडायची. सकाळी निघताना तिने हात पुढे केला की हा दोन पावलं मागे सरायचा. "कामावर जायचंय," म्हणायचा. आधी ती हसायची. मग हसणंही सोडलं आणि हात पुढे करणंही. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळीही तो खाटेपासून हातभर लांब उभा राहून निघाला होता. ती गेली त्याला आता पन्नास दिवस झाले होते.

तपासणीच्या प्यो बाईंनी विचारलं, हे कोणाचं काम? सगळ्यांच्या नजरा मेंग सुन-ह्वाकडे वळल्या. मागच्या हिवाळ्यात तिच्या हाताला क्रीम सापडलं होतं. पुन्हा सापडलं तर नोकरी जाईल, असं दाल-सूनेच तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

"बॅग रिकामी कर," तो म्हणाला.

तिने बॅग टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, रुमाल, किल्ल्या. क्रीम नव्हतं. तिने नजर खाली घातली नाही.

"दादा, आमचे हात तुम्ही रोज हुंगता. तुमचे कोण हुंगतं?"

कोणी हसलं नाही. तिचं तोंड बंद करावं म्हणून त्याने आपले दोन्ही तळवे नाकाशी नेले, आणि तसाच उभा राहिला.

ईडलिंबाचा वास होता.

सकाळी यंदाचं पहिलं कडक हीव पडलं होतं. घाईघाईत दारातल्या टोपलीतून हाताला लागला तो लोकरी हातमोज्यांचा जोड त्याने चढवला होता. बोटांना जरा आखूड होतात, एवढंच ध्यानात आलं होतं. किती हिवाळे ग्वी-दोकचे माखलेले हात त्यांत जात-येत होते. मोजे काढून त्याच हातांनी त्याने नळ्या पेटीत लावल्या होत्या.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हिचा काही संबंध नाही. माझ्या नावावर लिहा."

प्यो बाईंनी तसं लिहून घेतलं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, होतं असं कधी. मोजे कचऱ्यात टाका, या औषधाने हात चोळून धुवा, दहा वाजता नव्या नळ्या लावायच्या आहेत. त्यांनी बाटली पुढे सरकवली. दाल-सूने झाकण उघडलं. उग्र वास नाकात गेला. त्याने झाकण परत लावलं.

"हात उद्या धुतो, बाई. आज रजा द्या."

एकवीस वर्षांत त्याने अशी रजा कधी मागितली नव्हती. त्याला कोणी अडवलं नाही. फाटकाबाहेर येऊन त्याने खिशातले मोजे काढले, एकेक बोट सारखं करत हातात चढवले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरला.

"आज कामावर जायचं नाहीये," तो म्हणाला.