काटा हलत नाही

काटा पुन्हा चौऱ्याऐंशीवर थांबला.

"काकू, सलग विसावा आठवडा," प्रशिक्षिका म्हणाली. "इंजेक्शन वेळेवर घेताय ना?"

"दर रविवारी. न चुकता."

"भूक?"

"मेलीच आहे म्हण ना. चार घास खाल्ले की पोट तुडुंब."

"मग वजन का जात नाही?"

"त्याला माझा लळा लागलाय," काकू म्हणाल्या. दोघी हसल्या. प्रशिक्षिकेने आकडा लिहून घेतला आणि काकू कठडा धरून तलावाच्या पायऱ्या उतरल्या.

काकू पडदे शिवायच्या. नवरा होता तेव्हा तो घरोघरी जाऊन मापं आणायचा, सोबत चार घरच्या गप्पाही आणायचा. तो गेल्यापासून मापं फोनवर येत. तयार गठ्ठा न्यायला येणारा माणूस घंटी वाजवायचा, आणि काकू गुडघे सावरत दारापर्यंत पोचेस्तोवर दाराबाहेर ठेवलेला गठ्ठा घेऊन पसार व्हायचा. दिवसभरात दोन शब्द बोलायचे तर शिवणयंत्राशी, तेही दोरा तुटला तर.

गुडघे गेले, साखर वाढली. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. वर बजावलं, "नुसतं वजन उतरून उपयोग नाही. त्याबरोबर स्नायूही झडतात. पाण्यात व्यायाम करा, गुडघ्यांवर भार येणार नाही."

म्हणून आठवड्यातून दोनदा रुग्णालयाच्या तळघरातला हा तलाव. छातीभर पाण्यात चालायचं, गुडघे उचलायचे, फोमची वजनं पाण्याखाली दाबायची. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी यायचं नाही. तासभर आधी थोडं काहीतरी खायचं. डोकं गरगरलं तर लगेच कठडा धरायचा.

पहिल्या दिवशी काकूंचा पाय ठरेना, तेव्हा प्रशिक्षिकेने त्यांचा हात धरून तलावाच्या चार फेऱ्या मारल्या. पाच वर्षांत कुणी काकूंचा हात इतका वेळ धरला नव्हता.

वर्गात तेव्हा पाच जण होते. बेकरीवाले सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत बोलके. "आमच्या धंद्यात पोट हीच पाटी," म्हणायचे. भूगोलाच्या बाई हात मारता मारता नद्यांची नावं घ्यायच्या. काकू ऐकायच्या, मधूनच टोमणा मारायच्या आणि घरी जाताना तो स्वतःशीच पुन्हा म्हणून बघायच्या.

नियम साधा होता. ज्याच्या वजनाचा दहावा हिस्सा उतरला, तो वर्गातून सुटला. बेकरीवाले पहिले सुटले. टाळ्या झाल्या, फोटो झाला. "फोन करतो हं, काकू!" म्हणाले. फोन आला नाही. मग भूगोलाच्या बाई सुटल्या. मग उरलेले दोघं.

काकूंचा काटा मात्र हलेना.

"चरबी तरंगते, काकू," प्रशिक्षिका एकदा म्हणाली होती. "बेकरीवाले कसे बुचासारखे वर यायचे! तुम्ही कशा बुडता?"

"माझी हाडं जुन्या काळची आहेत."

आता काकू एकट्याच यायच्या. सकाळच्या वर्गाची वेळ दुपारी दोनवर गेली. दिवे निम्मेच लागत. पाणीही पूर्वीसारखं गरम नसे. दाराचं कुलूप प्रशिक्षिका स्वतःच काढायची. "दुरुस्ती चाललीय," म्हणायची. पण शिट्टी तशीच वाजायची आणि आकडे तसेच मोजले जायचे, एका माणसासाठीही पाचांइतक्या मोठ्यानं.

त्या दिवशी काकू काही न खाताच आल्या. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा दोन हात लांब होता. पाय सटकला आणि त्या सरळ तळाला गेल्या.

प्रशिक्षिकेने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. काखेत हात घालून ओढलं, तरी काकू वर येईनात. कसंबसं तिने त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं आणि काठावर खेचलं. त्या ओढाताणीत काकूंच्या घोळदार पोहण्याच्या झग्याची शिवण उसवली, आणि आतून करड्या रंगाची जड साखळी सळसळत फरशीवर पडली. मग दुसरी. मग तिसरी.

"हे काय?"

काकू खोकत होत्या. दम परत यायला वेळ लागला.

"शिसं. पडदा सरळ पडावा म्हणून कडेत घालतात."

प्रशिक्षिकेने साखळ्या उचलून पाहिल्या. तिला दोन हात लागले.

"किती आहे हे?"

"आठ किलो. वजन जसं उतरत गेलं, तशी मी भर घालत गेले."

"डॉक्टरांना ठाऊक आहे?"

"त्यांच्याकडे खरा आकडा आहे. शहात्तर. खूश आहेत ते. खोटं फक्त इथं."

"काकू, तुम्ही मेला असता!" प्रशिक्षिकेचा आवाज रिकाम्या तलावावरून फिरून परत आला. "कशासाठी हे?"

काकूंनी ओला झगा गुडघ्यांवर ओढून घेतला.

"वजन उतरलं की नाव कमी करता ना तुम्ही. मग मंगळवारी मी कुठं जायचं? गुरुवारी कुठं जायचं?"

प्रशिक्षिकेने टॉवेल आणून काकूंच्या खांद्यांवर घातला आणि तिथंच ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "जा, वर कळव. माझं नाव काढून टाक."

"नाव कधीच गेलंय, काकू."

"म्हणजे?"

"वर्ग बाराच आठवड्यांचा होता. दोन महिन्यांपूर्वी बंद झाला. माझी नोकरीही त्याच दिवशी गेली. किल्ली तेवढी माझ्याकडे राहिली."

"मग तू अजून इथं कशाला येतेस?"

प्रशिक्षिकेने नजर उचलली नाही. "मला वाटलं, काटा हलत नाही तोवर तुम्ही तरी याल."