ताल चुकला म्हणून

या, असे जवळ बसा, अंदमानातली एक गोष्ट सांगते.

बेटावरचं राष्ट्रीय उद्यान पाहायला आमची कीर्तनमंडळी होडीतून उतरली. खाडी दिसताच आमचे बुवा, म्हणजे माझे यजमान, स्नानाला उतरले. कंबरभर पाण्यात डोळे मिटून जप सुरू. होडीवाला लॉरेन्स पलीकडच्या तरंगत्या ओंडक्याकडे बोट दाखवत म्हणाला, "माताजी, ती मगर आहे. बोलवा त्यांना."

हाका मारल्या. पण जपात हे कोणालाच ओ देत नाहीत. लॉरेन्स वल्हं घेऊन पाण्यात शिरला आणि यांच्या नि मगरीच्या मधे उभा राहिला. मला एकच सुचलं. पिशवीतल्या झांजा काढल्या आणि मुद्दाम बेताल वाजवायला लागले.

यांच्या कपाळाला आठी पडली. डोळे उघडून तरातरा काठावर आले.

"अगं, ताल चुकतोय तुझा."

"चुकू द्या आज," मी म्हणाले आणि झांजा पिशवीत टाकल्या.

मागून लॉरेन्सही आला, ओलाचिंब. "मगरीलाही नाही आवडलं, माताजी. बुडी मारून गेली."

उद्या आरतीला हात जोडाल, तेव्हा या लॉरेन्सची आठवण ठेवा. आमच्यासाठी तो पाण्यात उभा होता.