थुंकीचा दाखला

सातपुड्याचं वाळवंट झाल्यापासून घळीत मुक्काम जमायचा तो हिवाळ्यातच. राहुटीवरचं दव गोठलेलं असतानाच सुंदी कडा चढली आणि ओरडली, "साहेब, पंजा सापडला!"

कुणीतरी फार पूर्वी तोंडात गेरू धरून खडकावर टेकवलेल्या हाताभोवती फुंकला होता. त्या जुन्या थुंकीशी नातं जुळलं तरच सुंदीच्या वस्तीला घळीत राहता येणार होतं. नाहीतर खाणीचे बुलडोझर तयारच होते. ज्यांनी दगड रंगवले, त्यांच्याच लेकरांनी दगडाकडून दाखला आणायचा, असला नालायक कायदा!

तपासणीचे साहेब यंत्र घेऊन धापा टाकत पोचले, तोवर सुंदीनं रीतीप्रमाणे पाण्याची चूळ पंज्यावर फुंकून जोहार घातला होता.

"अगं बाई, पुरावाच बाटवलास की!"

"थोरल्यांपुढं कोरड्या तोंडानं कसं जायचं, साहेब?"

साहेबांनी चरफडत यंत्र लावलं आणि पडद्याकडं बघतच राहिले.

"थुंक्या दोन आहेत. एक आत्ताची, एक हजारो वर्षांपूर्वीची. घराणं मात्र एकच."

सुंदीनं तोंड पुसलं. "मग त्या बुलडोझरवाल्यांना सांगा, तुमच्या आजीचा पंजा शोधा, मगच या."