सरकारी वाळूवरचा घास

ब्याऐंशी साली बँकेनं जावयाची बदली मालवणला केली, म्हणून मोहाडीच्या भय्याजींना समुद्र दिसला. मुक्काम लेकीकडे, जेवण मात्र खानावळीत. कारण नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरी जेवायचं नाही, हा घराण्याचा नियम. लग्नाला आठ वर्षं झाली होती. नियमाच्या कृपेनं भय्याजींनी चार दिवस लाटा पाहत तळलेली सुरमई हाणली. शेवटच्या संध्याकाळी जावयानं तोडगा काढला. किनाऱ्यावर सतरंजी अंथरून म्हणाला, “मामाजी, हे का तुमच्या पोरीचं घर होय? वाळू सरकारची आहे. जेवा बिनधास्त!” लेकीनं खपून केलेलं मासळीचं जेवण वाढलं. तिला बरं वाटावं म्हणून भय्याजींनी मोठा घास घेतला. लेक बघत राहिली. हळूच म्हणाली, “बाबूजी, तुमीबी नातवाची आस सोडली काय?” भय्याजींना घास गिळवेना, थुंकवेना. जावई घाबरला, “काटा अडकला? कोरडा भात गिळा, मामाजी!”