इस्केपचं चाक

कालव्याचं पाणी भिंतीवरच्या लाल पट्ट्याच्या वर चढलं, तरी डोमा चाक धरून नुसताच उभा राहिला. नहरेचा चौकीदार तो. पट्ट्याला पाणी लागलं की चाक फिरवायचं, दार उघडायचं आणि जास्तीचं पाणी नाल्यात सोडायचं, हेच त्याचं काम. पण नाल्यापलीकडे श्यामरावच्या भातखाचरांत, बांध्यांमध्ये, रोपांचा रोवणा चालू होता. टोलीतल्या, त्याच्या वस्तीतल्या, बाया तिकडेच होत्या, त्याची बायको मालनही. घरी यायची वाट नाल्यातून होती.

"काहून थांबला गा? उघड ना!" भैय्यालाल धापा टाकत नहरेच्या मातीच्या पाळीवर चढला. त्याचं घर पाळीच्या खालीच. "पाळ पाझरून राहिली. माझ्या घरामागची माती खचली. टोलीत सारी लेकरं अन् म्हातारे हायेत, वाहून जातीन!"

"अन् नाल्यात बाया असल्या तं? तू पयले जाऊन सांगून ये."

"तवर नहर थांबन का? माझी पोरगी धुरपता नाही गेली तिकडं? पण तिचं तान्हं घरात झोपलं हाय, डोमा!"

डोमाने दाराकडे पाहिलं. वरच्या भिंतीवर नहरेच्या साहेबांनी इंग्रजीत नाव रंगवून घेतलं होतं, इस्केप. अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले होते, "सुटका रे, सुटका." टोलीला शब्द असा आवडला, की जो तो वापरू लागला. मॅट्रिक पास होऊन कोणी भिलाईला कामाला लागला की तो इस्केप झाला. दारुड्या नवऱ्याचं घर सोडून, पोटुशी असताना भैय्यालालची धुरपता माहेरी आली, तेव्हाही पाणवठ्यावर बाया हेच म्हणाल्या, "बरं झालं माय, इस्केप झाली पोरगी."

आज मात्र त्या अक्षरांकडे बघायची डोमाची छाती होत नव्हती. त्याने कान टवकारले. वाऱ्यावर गाणं येत होतं. बारीक, पण येत होतं. एक ओळ मालनची, मागून बाकीच्यांची. त्याला जरा धीर आला. बाया गातात ते चिखलात वाकून रोप लावताना. पाय बांधीबाहेर काढला की गाणं बंद, ही रोवण्याची रीत. गाणं चालू म्हणजे बाया बांधीत. नाला रिकामा.

"धर चाक," तो म्हणाला.

दोघांनी मिळून चाक फिरवलं. दार वर सरकलं आणि गढूळ पाणी धडाडून नाल्यात कोसळलं. थोड्या वेळाने पट्टा उघडा पडला. भैय्यालालने पाळीला कान लावल्यासारखं खाली वाकून पाहिलं, पाझर मंदावला होता. त्याला हसूच फुटलं.

"वाचली टोली! झालो गा आपण इस्केप!"

डोमाही हसला. हसता हसता थबकला. गाण्याचे शब्द कळू लागले होते. मघाशी नुसता सूर होता, आता शब्द न् शब्द कळत होता. गाणं जवळ येत होतं.

सकाळी भाकर बांधताना मालन म्हणाली होती, "आज शेवटची बांधी हाय. आज रोवणा सरते." आणि रोवणा सरतो त्या दिवशी बाया घरापर्यंत गात येतात. हीही रीतच. ती त्याला जन्मापासून ठाऊक होती आणि नेमकी आज आठवली नव्हती.

"बंद कर! बंद कर!" तो ओरडला. दोघे चाकाला लोंबकळले. दार खाली आलं, पण सुटलेलं पाणी काही माघारी येत नाही. नाल्याच्या वळणापलीकडे गाणं ओळीच्या मधेच तुटलं. एक किंकाळी आली. मग कितीतरी किंकाळ्या.

मग सगळं गप्प झालं.

पलीकडच्या काठावर एक बाई घसा फोडून नावं घेऊ लागली.

"शकुन!"

"ओ!"

"बेबी!"

"ओ!"

"ताराबाई!"

"ओ!"

मालनचं नाव येईना. डोमा चाकाला धरून खाली बसला. अजून एक नाव झालं, अजून एक ओ आली. मालनचं नाव नाहीच. आणि मग त्याला कळलं, हाका मारणारीच मालन आहे. इतका फाटलेला आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता. जिवंत होती! त्याला रडू कोसळलं, ते आनंदाचं होतं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"धुरपता!" मालनने हाक दिली.

नुसतं पाणी वाजत होतं.

"धुरपताऽ!"

डोमाचं रडू जागीच आटलं. त्याला भैय्यालालकडे बघवेना. भैय्यालालचे दोन्ही हात अजून चाकावरच होते.

"धुरपता वो!" मालनने तिसऱ्यांदा हाक दिली.

"ओ," भैय्यालाल हळूच म्हणाला.